बेलेनेन्सेस: क्लब तो कोणता आणि इतिहास कोणाच्या नावावर?

मावळतीचा_प्रवासी (धागाकर्ता)

२७ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री मी बेनफिका या लिस्बनच्या बड्या फुटबॉल क्लबचा सामना पाहायला बसलो होतो. समोरचा संघ मैदानात उतरला तेव्हा आपलेच मोजण्यात काही चुकते आहे असे वाटले, कारण खेळाडू नऊच भरत होते आणि त्या नवांतही एक राखीव गोलरक्षक मैदानी खेळाडू म्हणून उभा होता. कोविडने संघच्या संघ आडवा केला होता. मध्यंतराला ७-० झाले, मध्यंतरानंतर सातच जण परत आले, त्यांतलाही एक दुखापतीने खाली बसला, आणि सातांहून कमी खेळाडू उरले की सामना चालवता येत नाही या नियमाने पंचांनी खेळ तिथेच आटोपला.

ज्या संघाची ही गत झाली त्याला जगभरच्या बातम्यांत 'बेलेनेन्सेस' म्हटले जात होते. खोलात गेलो तेव्हा कळले की खरा बेलेनेन्सेस क्लब त्या हंगामात पोर्तुगालच्या चौथ्या स्तरावर खेळत होता आणि त्या नऊ जणांशी आपले काही देणेघेणे नाही असे त्याचे म्हणणे होते.

थोडक्यात पार्श्वभूमी देतो. सप्टेंबर १९१९ मध्ये लिस्बनच्या बेलें या नदीकाठच्या वस्तीत, अफोंसो द अल्बुकर्क चौकातल्या एका बाकावर बसून आर्तुर जुझे परेरा आणि त्यांच्या मित्रांनी हा क्लब काढायचे ठरवले. परेरा हे आधी बेनफिकाकडून आणि मग स्पोर्टिंगकडून खेळलेले त्या काळचे नामांकित खेळाडू होते. बेलेंची पोरे दुसऱ्यांच्या क्लबांसाठी घाम गाळतात आणि वस्तीचा स्वतःचा संघ मात्र नाही, ही त्यांची खंत होती. पुढे शंभरीला जेमतेम वर्षभर उरले असताना, २०१८ मध्ये, हा क्लब दुभंगला. व्यावसायिक फुटबॉल चालवणाऱ्या कंपनीतले ५१ टक्के भाग २०१२ मध्येच कोडसिटी नावाच्या गुंतवणूकदार कंपनीकडे गेले होते आणि मूळ क्लबकडे १० टक्के उरले होते. दोघांतला करार ३० जून २०१८ ला संपला. कंपनीचा संघ पहिल्या श्रेणीतली जागा घेऊन जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर गेला, आणि क्लबने आपल्या हश्तेलो मैदानावर नवा संघ उभारून लिस्बन जिल्ह्याच्या तळच्या विभागातून, म्हणजे देशाच्या सहाव्या स्तरावरून, पुन्हा सुरुवात केली.

माझे मत असे की इतिहास सभासदांबरोबर जातो, तक्त्यातल्या जागेबरोबर जात नाही. परंतु हे मत भावनेच्या भरात बनले असण्याचीही शक्यता आहे, म्हणून धागा काढला आहे. या क्लबने १९४६ मध्ये मिळवलेले देशाचे अजिंक्यपद कोणाचे मानायचे?

आकडेमोड

उत्तर नंतर देतो, आधी एक गोष्ट नोंदवतो. आज हा क्लब लहान आहे हे मान्य, परंतु तो लहान जन्मला नव्हता. पोर्तुगालमध्ये बेनफिका, स्पोर्टिंग आणि पोर्तु या तिघांखेरीज कोणी देशाची साखळी स्पर्धा जिंकल्याची उदाहरणे दोनच आहेत: १९४५-४६ चा बेलेनेन्सेस आणि २०००-०१ चा बोआविश्ता. मधली ५५ वर्षे हा मान एकट्या बेलेनेन्सेसकडे होता. त्याशिवाय बाद पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या जुन्या राष्ट्रीय स्पर्धेत १९२७, १९२९ आणि १९३३ असे तीनदा ते विजेते ठरले आणि पोर्तुगाल चषकही त्यांनी १९४२, १९६० आणि १९८९ मध्ये मिळवला.

१९४६ च्या संघाची बचावफळी विशेष गाजली. गोलरक्षक कापेला आणि त्याच्या पुढचे वास्कु व फेलिसियानु या तिघांना लोक 'बेलेंचे बुरूज' म्हणत. त्याच वस्तीत नदीकाठी सोळाव्या शतकातला बेलेंचा बुरूज उभा आहे, त्यावरून हे नाव पडले. अखेरच्या फेरीत त्यांना स्पेनच्या सीमेवरच्या एल्वास गावी जाऊन जिंकणे भाग होते, कारण बेनफिका एकाच गुणाने मागे होती. तिथे ते आधी पिछाडीवर पडले आणि मग २-१ ने जिंकले.

१४ डिसेंबर १९४७ ला रेआल माद्रिदच्या नव्या स्टेडियमचे, म्हणजे आजच्या बर्नाबेऊचे, उद्घाटन झाले तेव्हा पाहुणा संघ म्हणून बोलावणे बेलेनेन्सेसला होते. सामना ३-१ ने हरले, पण बोलावणे कोणाला जात असे यावरून त्या काळची पत कळते.

चेंडूफळी

ज्या अल्बुकर्कच्या नावावरून आपल्या हापूसला नाव मिळाले असे सांगतात, त्याच्याच चौकातल्या बाकावर क्लब निघाला म्हणता. अशा क्लबला वर्षातून दोनच महिने बरे जावेत आणि उरलेले दहा महिने वाट पाहण्यात जावेत, यात नवल ते काय?

कंपनी_सचिव

धागाकर्त्यांचे मत भावनेच्या भरातले आहेच, पण त्यामुळे ते चुकीचे ठरत नाही. मी भागधारकांच्या सभांची इतिवृत्ते लिहिण्यात आयुष्य घालवले आहे, म्हणून या प्रकरणाची कागदोपत्री बाजू मांडतो.

पोर्तुगालच्या व्यावसायिक स्पर्धांत खेळायचे तर क्लबला फुटबॉल विभागासाठी वेगळी क्रीडा कंपनी स्थापन करावी लागते. स्पर्धेतली जागा, खेळाडूंचे करार आणि प्रक्षेपणाचे पैसे या कंपनीच्या नावावर असतात. मैदान, बोधचिन्ह, नाव आणि सभासद मात्र क्लबकडे राहतात. दोघांच्या नात्याचा सगळा डोलारा आपसातल्या करारावर उभा असतो. बहुमताचे भाग बाहेरच्याने घेतले, तरी क्लब आणि कंपनी एकाच छपराखाली नांदतील असे गृहीत धरलेले असते, आणि हे गृहीतक मोडले की काय करायचे याचे समाधानकारक उत्तर कायद्यात नसते. इथेही मूळ करारात क्लबला भाग परत विकत घेण्याची तरतूद होती, तिच्यावरून वाद झाला आणि तिथून सगळे बिनसले.

या वादात न्यायालयांनी कंपनीचा पहिल्या श्रेणीत खेळण्याचा हक्क हिरावून घेतला नाही, परंतु क्लबचे नाव आणि बोधचिन्ह वापरण्यास तिला मनाई केली. म्हणूनच तो संघ पुढे 'बी-सॅड' अशा विचित्र नावाने ओळखला जाऊ लागला ('सॅड' हे अशा क्रीडा कंपनीचे पोर्तुगीज लघुरूप). वाटणीत एका भावाला दुकान मिळाले आणि दुसऱ्याला दुकानावरची पाटी मिळाली, असा हा निवाडा आहे. गिऱ्हाईक कोणाकडे गेले, हे लिस्बनमध्ये राहणारे सांगू शकतील.

तेजोकाठची

मी लिस्बनमध्ये राहते, म्हणून या धाग्यावर हजेरी लावणे कर्तव्यच आहे.

आधी उच्चाराविषयी लिहिते. इथे शब्दाच्या शेवटचा 'स' हा 'श' होतो, त्यामुळे लोक 'बलनेंसश' असे काहीसे भरभर म्हणतात. मराठीत 'बेलेनेन्सेस' रूढ असेल तर माझी हरकत नाही. बेलें म्हणजे बेथलेहेम. त्या गावचे ते 'बेलेनेन्सेस', आणि क्लबच्या नावाआधी जे 'उश' लागते ते नुसते इंग्रजी 'द'सारखे अनेकवचनी उपपद समजा. नावाचे सरळ मराठी 'बेलेंकर मंडळी' असे होईल. पुणेकर, नागपूरकर, तसे बेलेंकर. इतके घरगुती नाव असलेले फार क्लब मला माहीत नाहीत.

गिऱ्हाईक कोणाकडे गेले, याचे माझ्यापुरते उत्तर असे आहे. २०१९ च्या वसंतात एका रविवारी मी हश्तेलोला गेले. समोरचा संघ जिल्ह्याच्या तळच्या विभागातला, एखाद्या वस्तीच्या तालमीसारखा. त्यांचे खेळाडू मैदानात आल्यावर आधी मान वर करून चहूकडचे स्टँड पाहत होते, कारण सुमारे २० हजारांच्या स्टेडियममध्ये ते आयुष्यात प्रथमच खेळत होते. प्रेक्षक दोनतीन हजार तरी असावेत असा माझा अंदाज आहे. सहाव्या स्तरावर शेपन्नास माणसे आली तरी पुष्कळ समजतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी कागदाच्या पुडीतले 'त्रिमोसुश' पुढे केले. हे मिठाच्या पाण्यात भिजवलेले हळदीच्या रंगाचे चपटे दाणे असतात, दिसायला मोठ्या वालासारखे. दातांनी साल फाडायची, दाणा आत ओढायचा आणि साल पायाशी टाकायची. सामना संपेपर्यंत आमच्या पायाशी सालींचा थर झाला होता. गोल किती झाले ते मी मोजायचे सोडून दिले.

हश्तेलो जुन्या दगडाच्या खाणीत, चढावर बांधलेले आहे. एका बाजूने खाली तेजो नदी आणि तिच्यावरचा लांबलचक लाल पूल दिसतो. खेळ रटाळ झाला की लोक सरळ जहाजे बघतात. याच हश्तेलोच्या किनाऱ्यावरून १४९७ च्या जुलैत वास्को द गामाची जहाजे आपल्याकडे यायला निघाली. पोर्तुगीजांच्या महाकाव्यात त्या वेळी किनाऱ्यावर उभा राहून या सफरीला शिव्याशाप देणारा एक म्हातारा आहे. 'हश्तेलोचा म्हातारा' म्हणजे प्रत्येक गोष्टीत मोडता घालणारा माणूस, असा वाक्प्रचार त्यावरून इथे रूढ झाला आहे. क्लबच्या सर्वसाधारण सभेत हा शब्द किती वेळा ऐकू येत असेल याची कल्पना करा.

आणखी एक गंमत सांगते. बेनफिकाचा जन्मही बेलेंचाच आहे. २८ फेब्रुवारी १९०४ ला इथल्याच रस्त्यावरच्या फ्रांकु औषधालयात तो क्लब निघाला आणि पुढे दुसरीकडे गेला. परेरांची खंत त्यामुळे अधिक कळते.

वसईचा_वाटसरू

चर्चा रंगली आहे, तरीही मला जे खटकते ते लिहितो. या क्लबच्या छातीवर जो लाल क्रूस आहे तो ख्रिस्त संघ या जुन्या पोर्तुगीज धर्मयोद्ध्यांच्या पंथाचा, म्हणजे पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर रंगवलेला तोच क्रूस. आमच्या किल्ल्यातल्या दगडांवर मी लहानपणापासून पोर्तुगीज चिन्हे पाहत आलो आहे, आणि चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई का घेतली हेही ऐकत आलो आहे. अल्बुकर्क चौक, गामाचा किनारा आणि शिडावरचा क्रूस इतके सगळे एकाच क्लबच्या वाट्याला आल्यावर त्याच्या दुःखाने हळवे होणे मला तरी जमत नाही.

मांडवीतीर

वसईकरांची अडचण मी समजू शकतो. आम्ही गोव्याचे लोक या प्रश्नाशी रोज घरात भांडतो. तरी दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळातली आहे. ३० जानेवारी १९३८ ला पोर्तुगाल आणि फ्रँकोचा स्पेन यांच्यात सामना झाला, तो बेलेनेन्सेसच्याच जुन्या सालेझियश मैदानावर. सामन्याआधी सर्व खेळाडूंनी हात पुढे करून फॅसिस्ट सलाम करायचा होता. बेलेनेन्सेसच्या तिघांनी तो केला नाही. आर्तुर क्वारेज्मा हात खाली सोडून उभे राहिले, आणि मारियानु आमारु व जुझे सिमोंश यांनी मुठी वळून हात वर केले. गुप्त पोलिसांनी त्यांची चौकशी केली. छातीवर तोच क्रूस होता आणि माणसे अशी होती. हेच क्वारेज्मा १९४६ च्या विजेत्या संघातही होते, आणि आपण ज्या रिकार्दु क्वारेज्माचा खेळ पाहिला त्याचे ते नात्याने चुलत आजोबा.

दुसरी गोष्ट मातातेउची. सेबास्तियांव लुकश द फोन्सेका हे खरे नाव, जन्म मोझांबिकच्या राजधानीतला. म्हणजे आमच्यासारखाच पोर्तुगीज अमलाखालचा माणूस. १९५१ मध्ये बेलेनेन्सेसने त्याला लिस्बनला आणले आणि १९५२-५३ मध्ये २९, १९५४-५५ मध्ये ३२ गोल करून तो दोनदा देशातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. मोझांबिकचाच जगप्रसिद्ध खेळाडू युसेबियु लिस्बनला येण्याच्या जवळपास दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्याचा धाकटा भाऊ विसेंत त्याच क्लबकडून खेळला. पेलेला रोखणारा बचावपटू म्हणून त्याची ख्याती होती आणि १९६६ च्या विश्वचषकातही तो खेळला, पण पुढे मोटार अपघातात एक डोळा गेल्याने त्याची कारकीर्द संपली. वसाहतीतल्या माणसांच्या पायांवर साम्राज्याच्या राजधानीने टाळ्या मिळवल्या, ही गोष्ट कडवट आहे हे मान्य करूनच मी मातातेउचे कौतुक करतो.

वसईचा_वाटसरू

सलामाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या तिघांना माझा नमस्कार, क्रुसाविषयीचे मत मात्र राखून ठेवतो.

आकडेमोड

मातातेउचा विषय निघालाच आहे तर १९५५ ला वगळता येणार नाही. अखेरच्या फेरीत सालेझियशवर स्पोर्टिंगविरुद्ध बेलेनेन्सेस २-१ ने पुढे होते, आणि जिंकले असते तर दुसरे अजिंक्यपद त्यांचे होते. सामना संपायला चारच मिनिटे उरली असताना स्पोर्टिंगच्या मार्तिन्शने बरोबरी साधली. गुण बेनफिकाइतकेच झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या निकषावर करंडक बेनफिकाकडे गेला. स्पोर्टिंगला त्या गोलाचा काडीचा उपयोग नव्हता. त्यानंतर हा क्लब पुन्हा कधीही अजिंक्य झाला नाही.

माझ्या मते घसरणीला सुरुवात इथूनच झाली. दुसऱ्या वर्षी, २३ सप्टेंबर १९५६ ला, क्लबच्या वाढदिवशी हश्तेलोचे उद्घाटन झाले. स्टेडियम देखणे होते, पण त्याच्या खर्चाचे ओझे क्लबला बराच काळ पुरले. १९८२ मध्ये प्रथमच खालच्या श्रेणीत जाण्याची वेळ आली. मधूनच १९८८-८९ सारखा हंगाम उजाडे, जेव्हा आदल्या वर्षीचा यूएफा चषक जिंकलेल्या लेव्हरकुसेनला त्यांनी दोन्ही सामन्यांत १-० ने हरवून बाहेर काढले, आणि त्याच हंगामाच्या शेवटी चषकाच्या अंतिम सामन्यात बेनफिकाला २-१ ने नमवले. हुआनिकोची ती विजयी फ्री किक अजून तिथल्या जुन्या लोकांना तोंडपाठ असेल. तेजोकाठची, खरे की नाही?

तेजोकाठची

तोंडपाठ आहे, आणि दर वेळी चेंडू दोन पावले अधिक लांबून मारलेला असतो.

तुम्ही पेपेला विसरलात, म्हणून मी लिहिते. जुझे मानुएल सोआरिश, वस्तीतलाच गरीब घरचा पोरगा, अठराव्या वर्षी पहिल्या संघात आला. वीस वर्षांचा असताना १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पोर्तुगालकडून खेळला. एवढा मोठा खेळाडू असूनही पोटासाठी यंत्रशाळेत कामाला जात असे. ऑक्टोबर १९३१ मध्ये घरून नेलेल्या डब्यातले खाऊन त्याला विषबाधा झाली आणि तेविसाव्या वर्षी तो गेला. आईने स्वयंपाकात नजरचुकीने कॉस्टिक सोडा वापरला होता, असे सांगतात. त्याचे स्मारक आज हश्तेलोला आहे, आणि पोर्तुचा संघ इथे खेळायला आला की आधी त्या स्मारकापाशी फुले ठेवतो, अशी जुनी प्रथा आहे.

मला वाटते धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे दडलेले आहे. स्मारक हश्तेलोला आहे. कंपनीचा संघ जामोरला गेला तेव्हा तो पेपेला बरोबर नेऊ शकला नाही.

हरकतनारायण

सगळे एकसुरात गाऊ लागले की माझ्या अंगावर काटा येतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आज ज्या क्लबला आपण कागदी न्यायाचा बळी म्हणतो आहोत, त्यानेच २००६ मध्ये कागदी न्यायाचा लाभ घेतला होता. २००५-०६ मध्ये बेलेनेन्सेस मैदानावर हरून खालच्या श्रेणीत जाणाऱ्यांत होता. परंतु जिल विसेंत या बार्सेलुश गावच्या छोट्या क्लबने मातेउश नावाचा खेळाडू नियमबाह्य खेळवला अशी तक्रार झाली, जिल विसेंतला खाली ढकलले गेले आणि बेलेनेन्सेस वर राहिला. जिल विसेंतने वर्षानुवर्षे कोर्टकज्जे केले आणि शेवटी निकाल त्यांच्या बाजूने लागून २०१९-२० मध्ये त्यांना पहिल्या श्रेणीत जागा परत मिळाली. तेव्हा बेलेनेन्सेसच्या सभासदांपैकी कोणी 'जागा मैदानावर मिळवावी लागते' असे म्हटले होते का?

दुसरा मुद्दा असा की कंपनीला खलनायक ठरवणे सोपे आहे. परंतु २०१२ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत होता आणि तिजोरी रिकामी होती, म्हणूनच सभासदांनी भाग विकले. पुढच्याच वर्षी संघ दुसरी श्रेणी जिंकून वर आला, २०१४-१५ मध्ये सहावा आला आणि युरोपा लीगच्या गटात फिओरेन्तिना, बाझेल आणि लेख पोझनान यांच्याशी खेळला. तेव्हा हश्तेलोत टाळ्या वाजवणारे आज म्हणतात की ती कंपनी आमची नव्हे. मग ते सहावे स्थान तरी कोणाचे?

कंपनी_सचिव

हरकतनारायण यांची हरकत प्रथमच रास्त आहे. मातेउश प्रकरण माझ्याही मनात होते, पण वातावरण बिघडवायचे नव्हते.

सहाव्या स्थानाविषयी माझे उत्तर असे की करार अस्तित्वात असेपर्यंतचे सर्व काही क्लबचे, कारण तेव्हा कंपनी क्लबच्या वतीने, त्याच्या नावाने आणि त्याच्या मैदानावर खेळत होती. १ जुलै २०१८ पासूनचे सर्व काही कंपनीचे, नऊ खेळाडूंच्या सामन्यासह.

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक

मला हा धागा वाचून महिंद्रा युनायटेड आठवला. कूपरेजवर त्यांचे सामने पाहत मी मोठा झालो. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. तिथे दोन वारस भांडायला उरले नाहीत, कारण सभासद असा प्रकारच नव्हता. आम्ही फक्त तिकीट काढून येणारे होतो. दुसऱ्या दिवशी कोणत्या दारावर जाऊन जाब विचारायचा हेही कोणाला सुचले नाही. बेलेंकरांकडे निदान सर्वसाधारण सभा होती, जिथे उभे राहून 'आपण सहाव्या स्तरावरून सुरू करू' असा ठराव मांडता येत होता.

मांडवीतीर

सहमत आहे. गोव्यातही २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा निर्णय मालकांनी घेतला आणि आम्ही तो वर्तमानपत्रात वाचला. हे क्लब गोव्याच्या स्पर्धेत खेळत राहिले, एवढेच समाधान.

चेंडूफळी

हरकतनारायण यांना या मंचाचे 'हश्तेलोचे म्हातारे' म्हणून बिनविरोध घोषित करावे, असा ठराव मी मांडतो.

हरकतनारायण

ठरावाला माझी हरकत आहे.

मावळतीचा_प्रवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. मातेउश प्रकरणाने माझ्या मताला तडा गेला हे प्रामाणिकपणे सांगतो. मी क्लबला निष्पाप समजत होतो, आणि तो इतर कोणत्याही क्लबइतकाच हिशेबी निघाला. तरीही मूळ प्रश्नावर माझे मत बदललेले नाही, उलट कंपनी_सचिव यांच्या तारखेच्या रेघेमुळे ते अधिक नेमके झाले आहे.

पुढे काय झाले ते नवीन वाचकांसाठी लिहितो. सहाव्या स्तरावरून निघालेला क्लब पाच हंगामांत वर चढत २०२३-२४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे पुन्हा व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोहोचला. एका हंगामातच तो परत तिसऱ्या श्रेणीत घसरला, हेही लिहिले पाहिजे. बी-सॅड मात्र २०२२ मध्ये पहिल्या श्रेणीतून आणि लगेच २०२३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतूनही खाली आला आणि मग कोव्हा दा पिएदाद या नदीपलीकडच्या क्लबात विलीन झाला. २०१८ मध्ये ज्या जागेसाठी एवढे रामायण घडले, ती जागा पाच वर्षेही टिकली नाही.

तेजोकाठची, एक शंका आहे. २०१८ नंतर सभासदांचे काय झाले? त्यांना नव्याने नावे नोंदवावी लागली का?

तेजोकाठची

नाही, सभासद क्लबचेच होते, त्यामुळे त्यांच्यापुरते काही बदललेच नाही. वर्गणी जिथे भरत होते तिथेच भरत राहिले. फुटबॉलखेरीज रग्बी आणि हँडबॉलही याच क्लबचे, तेही आपापल्या जागी चालू होते.

सभासदांच्या क्रमांकाची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. इथल्या क्लबांत ठरावीक वर्षांनी सभासदांना नव्याने क्रमांक देतात. जे वारले किंवा सोडून गेले त्यांच्या जागा भरत मागचे पुढे सरकतात, म्हणजे माणूस जितका जुना तितका त्याचा क्रमांक लहान होत जातो. त्रिमोसुश देणाऱ्या आजोबांनी मला पाकिटातून जुनी कार्डे काढून एकाखाली एक मांडून दाखवली होती. पहिल्या कार्डावर पाच आकडी क्रमांक, नंतर चार आकडी, आणि हातातल्या कार्डावर तीन आकडी. क्रमांक लहान झाल्याचा त्यांना अभिमान होता आणि तो कशामुळे लहान झाला हेही त्यांना पुरते ठाऊक होते, म्हणून दाखवताना ते हसले आणि लगेच कार्डे परत पाकिटात गेली. मैदानावर त्या वेळी कॉर्नर चालू होता.

आकडेमोड

तर मग माझे राहिलेले उत्तर देतो. १९४६ त्या पाकिटात आहे. माझा विषय आकड्यांचा असूनही हा हिशेब मला आधी सुचला नाही.

वसईचा_वाटसरू

क्रूस खटकतोच, परंतु संस्थापकांचे आडनाव परेरा असल्यामुळे ते आमच्याच आळीतले वाटू लागले आहेत. तो बाक अजून आहे का?

तेजोकाठची

चौकात बाक पुष्कळ आहेत. मी दर वेळी वेगळ्यावर बसते, म्हणजे कधीतरी त्या जागेवर बसणे होईलच.